गुडघ्याचा नवस

कुशाबाईला आमच्या वस्तीत कुणी वाईट म्हणत नसे, कारण म्हणायची कुणाची छाती नव्हती. भिगवणच्या अलीकडं, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला आमची वस्ती. धरणाच्या पाण्याखाली चराऊ रानं गेली, मग मेंढरं विकली, उरल्या रानात ऊस लागला आणि धनगराची पोरं कारखान्याच्या तोडीची वाट बघायला शिकली. बदलला नाही तो फक्त बिरोबा, आणि बिरोबाच्या वतीनं बोलणारी कुशाबाई. कोण काय नवस बोललं, कुणी बकरं कबूल करून कोंबडीवर भागवलं, सगळं तिला तोंडपाठ. देव अंगात यायचा तो भगत गेणबा आबाच्या. पण अंगात आलेला देवसुद्धा बोलण्याआधी एकदा कुशाबाईकडं बघून घेतो, असं लोक हळू आवाजात म्हणत.

तिनं स्वतःच्या सुनेलाही सोडलं नव्हतं. धाकटा पोरगा तापानं फणफणला तेव्हा साखरबाई नवस बोलली होती, की हा उठला तर ओल्या लुगड्यानं देवळापर्यंत दंडवत घालीन. पोरगा उठला आणि जत्रेच्या तोंडावर साखरबाईच आजारी पडली. तिची बहीण म्हणाली, तिच्या नावानं मी घालते दंडवत. कुशाबाईनं सगळ्यांसमोर तिला गप्प केलं.

"बोलनारं तोंड एकाचं आन् झिजनारं अंग दुसऱ्याचं, आसलं बिरोबाला चालत न्हाय."

साखरबाईनं अंगात ताप असताना ओल्या लुगड्यानं दंडवत घातले आणि पुढं कितीतरी दिवस अंथरूण धरलं. तिची थोरली लेक रतन तेव्हा लहान होती, देवळाच्या पायरीवर बसून बघत होती. लेकरं असलं विसरून जातात असा मोठ्यांचा एक गोड समज असतो.

शहाण्णव साली ही रतन नववीत होती आणि खो-खो खेळत होती. खेळत होती म्हणजे कशी, तर खो मिळाला की ती उठलेली दिसायची नाही, समोरची पोरगी बाद झालेलीच दिसायची. तिचा बाप बिरू भला माणूस. म्हणजे दिवसभर सगळ्यांचं ऐकायचं आणि रात्री आई म्हणेल तसं करायचं. पण त्यानं एकदा, रतन जिल्ह्याला खेळून ढाल घेऊन आली त्या दिवशी, भरल्या डोळ्यांनी तिला शब्द दिला होता. खेळात नाव काढतीस तोवर शीक. खेळ सुटला की मग लगीन.

नवरा कुशाबाईनं कधीच ठरवून ठेवला होता. तिची लेक लीलाबाई बारामतीजवळ पिंपळीला दिलेली, तिचा थोरला पोरगा. तो ट्रॅक्टर चालवायचा, आणि ट्रॅक्टरवर नसला की गुत्त्यावर असायचा. लीलाबाईला घरात राबायला सून पाहिजे होती आणि असल्या पोराला बाहेरचं कुणी पोरगी देईना. आतेभावाला पोरगी देणं आमच्यात नवं नाही. रतनला मात्र दुसरंच काही पाहिजे होतं. पुढच्या मे महिन्यात पुण्याला निवडीचं शिबिर व्हायचं होतं. तिथं निवड झाली तर वसतिगृहात राहून शिकायची सोय होती, म्हणजे पिंपळी कायमची टळत होती. तिचा सगळा जीव त्या शिबिरात होता आणि शिबिर तिच्या दोन पायांवर उभं होतं.

त्या पायांची काळजी वाहणारा एकच माणूस गावात होता, खेळाचे मास्तर मानसिंग सर. सामन्याआधी ते पोरींकडून अर्धा तास घोटे, गुडघे, मांड्या सैल करून घेत. मैदानातले खडे वेचून पाणी मारून घेत. जुन्या गोधड्यांच्या चिंध्या भरून त्यांनी गुडघ्याला बांधायच्या गाद्या शिवून घेतल्या होत्या. लोक हसायचे. म्हणायचे, पोरी खेळायला नेतोय का बाळंतिणी शेकायला? त्यांच्या संघातली एकही पोरगी कधी लंगडत घरी आली नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. जे घडत नाही त्याचं कौतुक कोण करणार.

मग एकदा घडलंच. इंदापूरला सामने होते आणि पाहुण्या पुढाऱ्याला पुढच्या कार्यक्रमाची घाई होती, म्हणून पोरींना टेम्पोतून उतरवलं ते थेट मैदानात. अंग सैल करायला वेळ मागितला तर सरांनाच दटावलं. खांबाला वळसा घालताना रतनचं पाऊल कडक मातीत जागच्या जागी राहिलं आणि वरची रतन वळली. उजव्या गुडघ्याची वाटी एका अंगाला सरकली. ती ओरडली तेव्हा पुढाऱ्याचं भाषण चालू होतं, म्हणून तिला आधी मैदानाबाहेर नेलं आणि मग काय झालं ते विचारलं.

बारामतीच्या डॉक्टरांनी वाटी जागेवर बसवली, प्लास्टर घातलं आणि सांगितलं, की एकदा सरकलेली वाटी पुन्हा सरकायला टपलेली असते. मांडीचा पुढचा स्नायू बळकट केला तरच ती जागेवर राहील. दिवाळीनंतर प्लास्टर निघालं. आत पाय कसला, वाळकी काठी होती. रतन तो बघून रडली.

दुसऱ्याच दिवशी मानसिंग सर घरी आले. येताना जुन्या पँटीच्या पायाची शिवलेली पिशवी आणली होती, तिच्यात नदीची वाळू. रतनला त्यांनी बाजेच्या कडेवर बसवलं, पिशवी घोट्याला बांधली आणि पाय सरळ उचलून हवेत धरायला सांगितला, दहापर्यंत मोजायचं आणि हळू खाली. पहिल्या दिवशी पिशवी हललीसुद्धा नाही. मग ते घरच्यांना पथ्य सांगायला लागले. बिरू जांभया देत होता, साखरबाई चुलीपाशी होती. कान देऊन ऐकत होती ती फक्त कुशाबाई. म्हातारी सरांच्या समोर सरकून बसली आणि एकेक खोदून विचारू लागली. उकिडवं बसलं तर? मांडी घातली तर? सगळ्यात वाईट काय?

सरांना भरून आलं. एवढ्या आस्थेनं आजवर कुणी त्यांना विचारलं नव्हतं. ते म्हणाले, आजी, सगळ्यात वाईट म्हणजे गुडघे टेकणं. कडक जमिनीवर गुडघ्यांवर भार देऊन ही चार पावलं सरकली तरी वाटी पुन्हा जाईल, आणि या खेपेला गेली की खेळ संपला.

"बरं झालं सांगितलंसा," कुशाबाई म्हणाली, आणि सुनेला सांगून सरांना दुधाचा चहा करायला लावला.

पुढच्या अमावास्येला तिनं देवळात, चारचौघांत, भंडारा उधळून नवस बोलला. बिरोबा, माझ्या नातीचा गुडघा बरा कर, जत्रेला ती वेशीपासून तुझ्या पायरीपर्यंत गुडघ्यांवर चालत येईल.

मला त्या म्हातारीचा आजही राग येतो, आणि खोटं कशाला बोलू, थोडं कौतुकही वाटतं. गुडघा बरा झाला नाही तर खेळ सुटला, लगीन पिंपळीला. बरा झाला तर देवाच्या वाटेवर मोडायचा, म्हणजे पुन्हा पिंपळीलाच. साखरबाई बिचारी खूश झाली, सासूला नातीची माया आली म्हणून तिनं देवापुढं नारळ फोडला. लोकांनीही माना डोलावल्या.

मानसिंग सरांना कळलं तेव्हा ते सायकल टाकून पळत आले. बिरूला त्यांनी समजावलं, हात जोडले, शेवटी आवाजही चढवला. बिरू खाली मान घालून म्हणाला, "सर, आवशिद तुमचं, पन गुण देवाचा." शाळेत हेडमास्तरांनीही सरांना बजावलं, की देवाधर्मात पडू नका, गावात राहायचंय आपल्याला. रतन ओसरीत बसून पाय उचलत होती.

तो हिवाळा तिनं पिशवी बांधून काढला. वाळू वाढत गेली. पुढं सरांनी तिला फुगवट्याच्या पाण्यात उतरवलं, कमरेएवढ्या पाण्यात काठाकाठानं चालायला. पाण्यात अंगाचा भार गुडघ्यावर येत नाही, पण स्नायू मात्र राबतो. गार पाण्यानं तिचे ओठ निळे पडायचे. मासे धरणारे होडीतून विचारायचे, काय हरवलंय गं? बायका म्हणायच्या, पोरगी खुळी झाली. ती चालत राहायची. होळीपर्यंत तिची उजवी मांडी डावीच्या बरोबरीनं भरली, आणि एका संध्याकाळी सरांनी तिला खांबाला वळसा घालून पळायला लावलं. ती वळली, पळाली, पुन्हा वळली. सर तोंड फिरवून उभे राहिले, डोळ्यांतलं पाणी पोरींना दिसू नये म्हणून. घरी कळलं तेव्हा कुशाबाईनं देवापुढं दिवा लावला आणि जत्रा कधी आहे ते मोठ्यानं विचारलं.

चैत्रात जत्रा भरली. वेशीपासून देवळापर्यंतची वाट म्हणजे नुसता मुरूम आणि त्यात मधे मधे वर आलेला खडक. आदल्या दिवशी मानसिंग सर एकटेच त्या वाटेवर वाकून खडे वेचत होते. नवस टळत नाही तर निदान गुडघा वाचवावा, एवढंच त्यांच्या डोक्यात. सकाळी ते वेशीत आले तेव्हा त्यांच्या हातात त्या गोधडीच्या गाद्या होत्या. ढोल वाजत होते, सगळी वस्ती भंडाऱ्यानं पिवळी झाली होती. पिंपळीहून लीलाबाई नवी साडी नेसून आली होती. सरांनी गाद्या रतनच्या हातात दिल्या आणि बिरूला म्हणाले, एवढ्या तरी बांधू द्या.

कुशाबाई पुढं झाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवाला काय गादीवरनं भेटत्यात व्हय, मास्तर? उगड्या गुडघ्यानंच जायाचं."

लोकांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं. रतननं मान डोलावली. तिच्या तोंडावर भीती नव्हती, आणि हे पहिल्यांदा लक्षात आलं ते साखरबाईच्या. पोरगी गाद्या हातात धरून सरळ गेणबा आबासमोर जाऊन उभी राहिली. आबाच्या अंगात नुकतं वारं आलं होतं, खांद्यावर घोंगडी, कपाळभर भंडारा.

"आबा," ती म्हणाली, "बोलनारं तोंड एकाचं आन् झिजनारं अंग दुसऱ्याचं, हे देवाला चालतं का?"

ढोल थांबले. लीलाबाई मधेच म्हणाली, लेकराचा नवस लेकरानंच फेडायचा असतो. रतन तिच्याकडं न बघता म्हणाली, की भावासाठी आई नवस बोलली, तो भावानं फेडला नव्हता. तापातल्या आईनं फेडला होता आणि आजीनंच फेडायला लावला होता. त्या गर्दीत कुशाबाईनं नवसापायी छळलेल्या पुष्कळ जणी होत्या. कुणाला पोटुशी असताना उन्हात उभं केलेलं, कुणाचं ठेवणीतलं बकरू ओढून आणलेलं. त्या सगळ्या पुढं सरकल्या. गेणबा आबानं सवयीनं आधी कुशाबाईकडं बघितलं, मग त्या बायकांकडं बघितलं.

"न्हाय चालत," आबा म्हणाला.

एका क्षणात म्हातारीला सगळं कळलं असणार. ती हात जोडून मोकळी झाली असती तर कुणी अडवलं नसतं, पासष्टीची म्हातारी, गुडघे आधीच कुरकुरणारे. पण मग उद्यापासून तिला देवळात कोण विचारणार होतं? तिनं पदर खोचला, लुगडं गुडघ्यावर घेतलं आणि खाली बसली.

ती निघाली. सुरुवातीला लोक चांगभलं म्हणत होते. सरांनी वेचलेल्या वाटेवर ती बरी सरकली. पण सरांना सगळी वाट वेचून झालीच नव्हती, आणि खडक तर कुणाला वेचता येत नाही. निम्म्या वाटेवर मुरमावर रक्ताचे डाग दिसायला लागले. बिरू रडत होता. लीलाबाई आईला उचलायला धावली तर म्हातारीनंच तिला झटकलं. रतन शेजारून चालत होती, पावलाला पाऊल, गाद्या तशाच हातात. मानसिंग सर तिच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "रतन, दे त्या गाद्या तिला."

"देवाला गादीवरनं भेटत न्हाईत, सर."

सर तिच्याकडं बघत राहिले. गुडघा कशानं जातो हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ते मागं थांबले, पुढं आलेच नाहीत. खडकाच्या उंचवट्यावर म्हातारीचा उजवा गुडघा आपटला, आणि तो आवाज रतननं ओळखला. तरीही कुशाबाई पायरीपर्यंत गेली. पायरीला डोकं टेकवलं आणि तिथंच आडवी झाली. खरं सांगतो, त्या दिवशी निम्मी वस्ती मनातून हसत घरी गेली. रतनही हसली. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

बारामतीच्या त्याच डॉक्टरांनी सांगितलं, की उजव्या वाटीला तडा गेलाय, डाव्या गुडघ्यात पाणी झालंय. लीलाबाई प्लास्टर बघायला एकदा आली, असली कैदाशीण सून मला नको म्हणून सगळ्यांसमोर ओरडली आणि आपल्या संसाराचं कारण सांगून निघून गेली. पिंपळी सुटली. रतनला वाटलं, आपण जिंकलो.

पण म्हातारीला उचलून परसाकडं न्यायचं कुणी? साखरबाई आणि बिरू उसाच्या खुरपणीला. राहिली रतन. ती बापाला शिबिराचं सांगायला गेली, तर सगळ्या जन्मात आईपुढं न बोललेला बिरू लेकीपुढं बोलला. "तिला तू पाडलीस. ती काठी घिऊन आपल्या पायानं परसाकडं जाईस्तवर तू हितनं हालायचं न्हाय." वस्तीनंही माना डोलावल्या. आमच्या माना कुठल्याही बाजूला डोलतात.

मग मेच्या सुरुवातीला म्हातारीचं प्लास्टर निघालं, आणि रतननं पत्र्याच्या पेटीवरची ती वाळूची पिशवी खाली काढली. निम्मी वाळू ओतून टाकली. कुशाबाईला बाजेच्या कडेवर बसवलं, पिशवी घोट्याला बांधली आणि पाय उचलायला सांगितला. डॉक्टर म्हणाले होते, नेमानं केलं तर शिबिराच्या आत म्हातारी काठीवर येईल. रोज सकाळी, रोज संध्याकाळी रतन तिच्या पायाशी बसायची. आधी दटावून, मग समजावून. म्हातारी डोळे मिटून घ्यायची. पाय हलायचा नाही. रतननं मांडीला तेल चोळलं, शेक दिला, भाकरी दुधात कुस्करून भरवली. एकदा तिनं आजीच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि ते मनापासून ठेवलं. कुशाबाई म्हणाली, त्राणच ऱ्हायलं न्हाय गं पायात.

एका दुपारी मानसिंग सर आले. जत्रेनंतर पहिल्यांदाच आले होते आणि रतनशी जरा तुटक बोलत होते. पण आले होते तिच्यासाठीच. शिबिर सुरू झालं होतं. त्यांनी पुण्याला बोलून तिची जागा धरून ठेवली होती. बाजेवरून म्हातारीनं त्यांना बसायला सांगितलं, सुनेच्या माघारी नातीला चहा ठेवायला लावला आणि आस्थेनं विचारू लागली. किती पोरी आल्यात? राहायची सोय कशी हाय? आन् मास्तर, पोरीनं पोचायचं ते कवापतोर?

सर साधा माणूस. त्यांना पुन्हा भरून आलं. त्यांनी सगळं सांगितलं. येत्या शनिवारपर्यंत पोचली तर घेतील, त्यानंतर नाही.

"बरं झालं सांगितलंसा," कुशाबाई म्हणाली.

चुलीपाशी रतननं हातातली कपबशी खाली ठेवली. तिनं ते शब्द आधी ऐकले होते.

शनिवार आला. पुण्याची शेवटची एसटी हमरस्त्यावरून गेली, वस्तीपर्यंत तिचा आवाज आला. फुगवट्याचं पाणी मागं हटलं होतं आणि जिथं रतन हिवाळाभर कमरेएवढ्या पाण्यात चालली होती तिथं आता भेगाळलेली काळी जमीन होती. रतन तिकडं बघत ओट्यावर बसून राहिली. रडून झालं होतं.

रविवारी सकाळी तिनं सवयीनं पिशवी बांधली आणि पायाशी बसली. कुशाबाईनं एकदा दाराबाहेरच्या उन्हाकडं बघितलं. मग तिनं उजवा पाय उचलला. पिशवीसकट, सरळ, पार कमरेच्या रेषेत आणून हवेत धरला. पाय जरासुद्धा थरथरत नव्हता.

"मोज की," म्हातारी म्हणाली. "दहापतोर मोजायचं आसतं न्हवं?"

रतननं मोजायला सुरुवात केली.